ब्रेकवॉटरमध्ये लाटांपासून वीज: कोकण किनाऱ्यावर एका कप्प्याला किती किलोवॅट धरायचे?

भरतीरेषा

फेब्रुवारी २०२५ मध्ये भारत पेट्रोलियम आणि इस्रायलची इको वेव्ह पॉवर यांनी मुंबईत १०० किलोवॅटच्या प्रायोगिक लाट-वीज प्रकल्पासाठी सामंजस्य करार केला. तेव्हापासून या विषयावर बरंच लिहिलं जातंय, पण बहुतेक लेख 'भारताला ४१,३०० मेगावॅटची क्षमता' या एका सैद्धांतिक आकड्यावर सुरू होतात आणि तिथेच संपतात. धागा काढतोय तो नेमका हिशोब मांडायला.

प्रश्न असा धरू. रत्नागिरीच्या आसपासचा किनारा, पायथ्याशी १० मीटर पाणी, आणि तिथे नवीन ब्रेकवॉटर (बंदराला लाटांपासून आडोसा देणारी समुद्रातली भिंत) बांधायचंच आहे. त्यात १० मीटर रुंद, ८ मीटर खोल (समुद्राकडून जमिनीकडे) असा हवेचा कप्पा ठेवला, म्हणजे ओडब्ल्यूसी (ऑसिलेटिंग वॉटर कॉलम) पद्धत, तर जनरेटर किती किलोवॅटचा लावावा? वर्षाला किती युनिटं मिळतील? विळिंजमच्या लाट-वीज प्रकल्पाचा अनुभव (केरळ, १९९१, १५० किलोवॅट) समोर ठेवून बोलू या.

ज्यांना पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: काँक्रीटचा कप्पा, समोरची भिंत पाण्याखाली थोडी उतरून थांबते आणि तिच्या खालून लाट आत शिरते. आतलं पाणी वर-खाली होतं, वरची हवा एका नळीतून बाहेर ढकलली जाते आणि परत आत ओढली जाते. त्या नळीत टर्बाइन.

घनमीटर

सुरुवात लाटेपासून. खोल पाण्यासाठी सूत्र सोपं आहे:

दर मीटर रुंदीमागे किलोवॅट = ०.४९ × उंचीचा वर्ग × काळ

उंची म्हणजे सिग्निफिकंट उंची (सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी) मीटरमध्ये, काळ सेकंदात.

जुलैचा खवळलेला दिवस: २.५ मीटर, ८.५ सेकंद. ०.४९ × ६.२५ × ८.५ = २६ किलोवॅट प्रति मीटर.
जानेवारीचा शांत दिवस: ०.७ मीटर, ६ सेकंद. ०.४९ × ०.४९ × ६ = १.४ किलोवॅट प्रति मीटर.

अठरापट फरक. उंचीचा वर्ग होतो म्हणून. पुढची सगळी डोकेदुखी या एका गुणोत्तरातून येते, आणि स्कॉटलंड किंवा पोर्तुगालची यंत्रं जशीच्या तशी इथे का चालत नाहीत त्याचं मुख्य कारणही हेच. तिथेही हिवाळा-उन्हाळा फरक असतो, पण त्यांचा उन्हाळा आपल्या जानेवारीइतका निपचित नसतो.

१० मीटर पाण्यात हे सूत्र थोडं कमी आकडा देतं. ८.५ सेकंदांच्या लाटेचा ऊर्जावहनाचा वेग खोल पाण्यात ६.६ मीटर प्रति सेकंद, १० मीटर खोलीत ७.४. म्हणजे त्याच जागी मोजलेली उंची २.५ असेल तर २६ ऐवजी २९ किलोवॅट. पण खोल समुद्रातली उंची घेऊन हा वेग लावू नका. किनाऱ्याकडे येताना तळाच्या घर्षणाने आणि फुटण्याने उंची आधीच घटलेली असते. मोजमाप जिथलं, खोली तिथलीच धरायची.

वल्हव

घनमीटर, बरोबर. त्यात एक भर. किनाऱ्याजवळ आलं की वादळी लाटेला आपोआप लगाम बसतो. लाट साधारण खोलीच्या ०.७८ पट उंचीला फुटते. ५ मीटर पाण्यात एकटी लाट ३.९ मीटरच्या वर जात नाही. भिंतीवरचा कमाल भार ठरवताना याचा फायदा मिळतो. खोल समुद्रातल्या तरंगत्या यंत्राला तो मिळत नाही.

आता भरती-ओहोटी. ब्रेकवॉटरमधल्या कप्प्यात समोरच्या भिंतीचा खालचा ओठ किती खोल ठेवायचा हा सगळ्यात महत्त्वाचा एकच आकडा आहे. ओठ उघडा पडला तर हवा बाहेर पळते, दाब शून्य होतो, आणि पुढची लाट आत आपटून पाण्याचा फवारा थेट टर्बाइनवर जातो. म्हणून उधाणाच्या सुकतीला (ओहोटीच्या तळाला), लाटेच्या खळग्यातही, ओठ बुडालेला हवा. नीचतम पाण्याखाली २ ते २.५ मीटर धरा.

विळिंजमला भरती-ओहोटीतलं अंतर एका मीटरच्या आत, तिथे हे सोपं. रत्नागिरीला उधाणाला साधारण दोन मीटर. म्हणजे भरतीला ओठ ४.५ मीटर खोल जाणार. ६ सेकंदांच्या लाटेची हालचाल ४.५ मीटर खाली ६० टक्केच उरते, ८.५ सेकंदांच्या लाटेची ८० टक्के. भरतीला लहान लाटा तुम्ही गमावता. मुंबईला उधाणाचं अंतर साडेतीन-चार मीटर, तिथे ओडब्ल्यूसी आणखी अवघड. इको वेव्ह पॉवर भिंतीला बिजागरीने लावलेले तरंगते फ्लोट वापरते (जाफा बंदरात असे १० फ्लोट, १०० किलोवॅट). ते पाण्याबरोबर वर-खाली होतात, म्हणून भरतीचा प्रश्न त्यांना तुलनेने सुसह्य. वादळात फ्लोट उचलून उभे करून ठेवता येतात हा त्यांचा दुसरा फायदा.

प्रभा_दे

एक शंका. आतल्या पाण्याचा नैसर्गिक काळ लाटेशी जुळला तर कप्पा जास्त ऊर्जा घेतो असं वाचलं. तो जुळवता येतो का?

घनमीटर

प्रभाताई, चांगला प्रश्न. जलस्तंभाचा स्वतःचा काळ त्याच्या परिणामी लांबीवर ठरतो: लांबी = ग × काळाचा वर्ग ÷ ३९.५ (ग म्हणजे ९.८१). ६ सेकंदांसाठी ९ मीटर. ८.५ सेकंदांसाठी १८ मीटर. १० मीटर पाण्यात १८ मीटरचा उभा स्तंभ बसणार नाही.

दोन उपाय आहेत. कप्प्यासमोर दोन्ही बाजूंना भिंती पुढे काढायच्या. त्यांच्यामधलं पाणी स्तंभाला जोडलं जातं, लांबी वाढते. किंवा वाट वळवायची: लाट आधी एका उभ्या फटीतून खाली उतरते आणि मग कप्प्यात चढते, इंग्रजी यू अक्षरासारखी. इटलीत चिवितावेक्कियाच्या ब्रेकवॉटरमध्ये हा यू प्रकार वापरला आहे. लांब काळाच्या लाटांसाठी तो खरंच उपयोगी आहे, फक्त फटीत गाळ साचणार नाही हे बघावं लागतं. पावसाळ्यात आपल्या खाड्यांच्या तोंडाशी जेवढी वाळू हलते ते पाहता मी तरी इथे सरळ कप्पा आणि पुढच्या भिंती हेच निवडेन.

आणि भरतीरेषा, १० मीटर रुंद एकच कप्पा ठेवू नका. आत पाणी आडवं डुचमळतं, आणि त्या हालचालीने हवा ढकलली जात नाही, नुसती ऊर्जा वाया जाते. मधे भिंत घालून पाच-पाच मीटरचे दोन करा. इस्ले बेटावरच्या लिंपेट लाट-वीज केंद्रात (स्कॉटलंड, २०००) तीन कप्पे होते. स्पेनमधल्या बास्क किनाऱ्यावर मुत्रिकूच्या ब्रेकवॉटरमध्ये १६, प्रत्येकी साडेचार मीटरचे.

तारवाला

आता टर्बाइन. हवा दोन्ही दिशांनी वाहते म्हणून वेल्स टर्बाइन: सममित पाती, फिरण्याच्या पातळीतच बसवलेली, हवा कुठूनही आली तरी एकाच दिशेने फिरते. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या अ‍ॅलन वेल्स यांनी १९७० च्या दशकात काढलेली. हवा उलटसुलट करणाऱ्या झडपा लागत नाहीत हा मोठा फायदा. तोटे तीन: स्वतःहून सुरू होत नाही, आवाज फार करते, आणि हवेचा वेग पात्याच्या वेगाच्या मानाने वाढला की स्टॉल होते (हवा पात्यांवरून सुटते आणि जोर कोसळतो).

तिसरा तोटा आकड्यांत बघा. दोन कप्पे मिळून ८० चौरस मीटर, एकाच टर्बाइनला जोडलेत असं धरू. आतलं पाणी मध्यापासून ०.८ मीटर वर-खाली, काळ ८.५ सेकंद. कमाल प्रवाह ४७ घनमीटर प्रति सेकंद. टर्बाइन २ मीटर व्यासाची, मधला हब १.२ मीटर, म्हणजे वाहायला २ चौरस मीटर जागा. हवेचा वेग साडेतेवीस मीटर प्रति सेकंद. मिनिटाला १००० फेऱ्यांना पात्याच्या टोकाचा वेग १०५. गुणोत्तर ०.२२. चालेल.

आता मोठ्या लाटांचा संच आला, आतलं पाणी १.३ मीटर हलतंय. प्रवाह ७७, हवेचा वेग ३८, गुणोत्तर ०.३६. पाती स्टॉल. ज्या क्षणी सर्वाधिक ऊर्जा आत येते त्याच क्षणी टर्बाइन हात टेकते. फेऱ्या १५०० वर नेल्या तर टोकाचा वेग १५७ आणि गुणोत्तर परत ०.२४. म्हणजे वेग बदलता आला पाहिजे. १८० मीटर प्रति सेकंदाच्या पुढे मात्र जाऊ नका, आवाज आणि धक्का-लहरींचे त्रास सुरू होतात.

विळिंजमला नेमकं हेच नव्हतं. १५० किलोवॅटचा इंडक्शन जनरेटर थेट ग्रिडला, म्हणजे वेग जवळपास ठरलेला. मोठ्या लाटेला स्टॉल, आणि लहान लाटेला त्याहून वाईट: जनरेटर मोटर बनून ग्रिडमधूनच वीज ओढायचा आणि टर्बाइनला पंख्यासारखा फिरवत ठेवायचा. पुढे तिथे इम्पल्स टर्बाइन बसवून पाहिली गेली आणि २००० नंतरच्या दशकात तीच ऊर्जा समुद्राचं पाणी गोडं करायला वापरली, दिवसाला सुमारे १०,००० लिटर. माझ्या मते विळिंजमला 'फसलेला प्रकल्प' म्हणणं चूक आहे. कुठल्या तीन गोष्टी एकत्र ठेवायच्या नाहीत (ठरलेला वेग, मोठा जनरेटर, हंगामी समुद्र) हे त्याने पूर्ण प्रमाणावर दाखवलं.

सागरगोटा

तारवाला, मग इम्पल्सच का नाही लावायची? स्वतःहून सुरू होते, कमी फेऱ्यांवर चालते, आवाज कमी.

तारवाला

कोकणासाठी मी इम्पल्सच्याच बाजूने आहे. दोन्ही बाजूंना स्थिर मार्गदर्शक पाती, मधे रोटर. कमाल कार्यक्षमता वेल्सच्या चांगल्या क्षणाइतकी नाही, पण प्रवाह दुप्पट झाला तरी कोसळत नाही, आणि सरासरीत तेच कामाला येतं. अडचण एक: हवा ज्या बाजूने बाहेर पडते तिथली मार्गदर्शक पाती तिला अडवतात, तिथे दाब वाया जातो. लिस्बनच्या संशोधकांनी बायरेडियल प्रकार काढून हा तोटा बराच कमी केला. ती टर्बाइन २०१७ मध्ये मुत्रिकूच्याच एका कप्प्यावर तपासली गेली.

भरतीरेषा

वाट स्पष्ट होतेय. मग लाटेपासून तारेपर्यंतचा पूर्ण हिशोब कोणी मांडेल का?

घनमीटर

मांडतो. जुलैचा तोच दिवस, १० मीटर रुंदी:

लाटेत २६० किलोवॅट.
कप्प्यात हवेच्या रूपात उतरते निम्मी: १३०.
टर्बाइनची सरासरी कार्यक्षमता ४५ टक्के: ५८.
जनरेटर आणि कन्व्हर्टर (बदलत्या वेगाची वीज ग्रिडजोगी करणारं यंत्र) मिळून ८८ टक्के: ५१ किलोवॅट.

साखळी २० टक्क्यांची. जानेवारीला लाटेत १४, कप्प्यात ७, टर्बाइन अर्धवट चालते म्हणून २५ टक्के धरले तरी पावणेदोन किलोवॅट. त्यातून बेअरिंग, हवेचा घर्षण-तोटा, कन्व्हर्टरची स्वतःची गरज वजा केली की हातात शून्य.

वर्षाचा अंदाज करताना जून ते सप्टेंबर सरासरी १८ किलोवॅट प्रति मीटर आणि उरलेले आठ महिने २ असं गृहीत धरतो (प्रत्यक्ष जागेचं मोजमाप आल्यावर बदला).
पावसाळा: १० × १८ × ०.२० = ३६ किलोवॅट × २,९२८ तास = १ लाख ५ हजार युनिटं.
बाकी वर्ष: १० × २ × ०.०६ = १.२ किलोवॅट × ५,८३२ तास = ७ हजार युनिटं.

एकूण १ लाख १२ हजार. त्यातली ९४ टक्के चार महिन्यांत.

१५० किलोवॅटचा जनरेटर लावला तर वार्षिक वापर (वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला असता तर मिळणाऱ्या युनिटांच्या तुलनेत) साडेआठ टक्के, ७५ चा लावला तर १७. युनिटं जवळपास तेवढीच, कारण ७५ च्या वरचे क्षण थोडे आणि ते तसेही स्टॉलमध्ये जातात. लहान जनरेटर अर्ध्या भारावरही बरा चालतो, मोठा दहा टक्के भारावर नुसता गरम होतो.

पडताळा म्हणून मुत्रिकू. १६ टर्बाइन, प्रत्येकी १८.५ किलोवॅट, एकूण २९६. जुलै २०११ पासून चालू, २०२० च्या सुमारास एकूण उत्पादन २० लाख युनिटांच्या पुढे. वापर नऊ टक्क्यांच्या आसपास निघतो. बिस्केच्या उपसागरात, वर्षभर आपल्यापेक्षा बऱ्याच एकसारख्या समुद्रात. त्यामुळे माझे १७ टक्के हे वरच्या टोकाचे समजा.

कोकणकडा

मग स्पष्टच विचारतो. १ लाख १२ हजार युनिटं म्हणजे ८० किलोवॅटचं सौर (किलोवॅटमागे वर्षाला १,४०० युनिटं). ते एखाद्या मोठ्या शेडच्या छपरावर बसतं आणि बारा महिने चालतं. लाटेचा आग्रह कशासाठी? आणि पावसाळ्यात वीज येते हा फायदाही पूर्ण खरा नाही. पश्चिम घाटातले वारेही तेव्हाच जोरात असतात, धरणंही तेव्हाच भरतात.

वल्हव

कोकणकडा, ग्रिडला वीज विकायची असेल तर तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. केंद्राने ऑगस्ट २०१९ मध्ये समुद्री ऊर्जेला नवीकरणीय म्हणून मान्यता दिली, त्यामुळे कागदावर वाट मोकळी आहे, पण दर परवडणार नाही. दोन ठिकाणी गणित बदलतं. एक, भिंत बंदरासाठी बांधायचीच असेल तर काँक्रीटचा मोठा खर्च बंदराच्या खात्यावर जातो आणि तुम्ही फक्त कप्पा, टर्बाइन, जनरेटर मोजता. मुत्रिकूत असंच केलं. दोन, ग्रिड नसलेली जागा: दीपस्तंभ, बॉया (समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या खुणा). जपानचे योशिओ मासुदा यांनी १९६० च्या दशकातच हवेच्या टर्बाइनवर चालणारे नेव्हिगेशन बॉया बाजारात आणले. चेन्नईच्या एनआयओटीने (राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था) भारतात तसे बॉया बनवले. तिथे काही वॅट पुरतात आणि बॅटरी लहान लाटांचे दिवस भरून काढते.

आयआयटी मद्रासचं सिंधुजा-१ हे लाट-यंत्र (नोव्हेंबर २०२२, तुतीकोरिनपासून ६ किलोमीटर आत, २० मीटर पाण्यात) १०० वॅटचं होतं. तो आकडा वाचून लोक हसले, मला ते पटत नाही. १०० वॅटच्या यंत्राचं गिऱ्हाईक आज समुद्रात आहे.

सागरगोटा

तरंगती यंत्रं कोकणात नकोतच, असं माझं ठाम मत. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते ती उगाच नाही. ज्या पावसाळ्यात ९४ टक्के वीज तयार होते नेमकी त्यातच बोट यंत्रापर्यंत जाऊ शकत नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हायड्रॉलिक होज फुटला तर सप्टेंबरपर्यंत बघत बसायचं, आणि वर्षाचं उत्पादन गेलं. पोर्तुगालच्या अगुसादौरात २००८ साली पेलामिस नावाची तीन तरंगती यंत्रं (मिळून २.२५ मेगावॅट) काही महिन्यांतच बेअरिंगच्या त्रासाने किनाऱ्यावर आणावी लागली, आणि त्यांच्याकडे तरी वर्षभर अधूनमधून शांत दिवस मिळतात. ब्रेकवॉटरवर माणूस चालत जातो.

तारवाला

देखभालीवर आलोच आहोत तर काय बिघडतं ते लिहून ठेवतो.

मीठ. कप्प्यातली हवा खाऱ्या तुषारांनी भरलेली. पात्यांवर थर बसतो, कडा खडबडीत होतात, स्टॉल लवकर येतो. टर्बाइनच्या दोन्ही बाजूंना गोड्या पाण्याचे फवारे हवेत आणि कमी वेगावर धुण्याची सोय कंट्रोल पॅनेलमध्येच घाला. पावसाळ्यात छपराचं पाणी टाकीत साठवलं तरी पुरतं.

धातू. अ‍ॅल्युमिनियमची पाती स्टीलच्या हबवर थेट बोल्टने आवळू नका. मधे नायलॉनचे वॉशर आणि स्लीव्ह नसेल तर पात्याचं मूळ खाल्लं जातं, आणि तिथेच सगळा केंद्रोत्सारी भार असतो. ३१६ स्टेनलेस 'गंजत नाही' हा समज सोडा. वॉशरखालच्या फटीत, जिथे हवा पोचत नाही, तिथे ते खड्डे पडून जातं. बोल्टसाठी डुप्लेक्स स्टेनलेस घ्या.

काँक्रीट. आयएस ४५६ प्रमाणे भरती-ओहोटीच्या पट्ट्यात 'एक्स्ट्रीम' वर्ग: किमान एम-४०, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४० च्या वर नाही, सिमेंट किमान ३६० किलो प्रति घनमीटर, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) ७५ मिलिमीटर. स्लॅगचं सिमेंट वापरा, क्लोराइड आत शिरायला वेळ लागतो. कप्प्याच्या छताचा आतला पृष्ठभाग कव्हरमध्ये कंजूषी करण्याची नेहमीची जागा आहे. तिथे रोज हजारो वेळा दाब आणि ओढ येते आणि खारा तुषार कधीच वाळत नाही.

व्हॉल्व्ह. यावर सगळं अवलंबून. ग्रिड गेली की जनरेटरचा भार क्षणात नाहीसा होतो आणि टर्बाइन सुसाट सुटते. नळीतला बटरफ्लाय व्हॉल्व्ह वजनाने किंवा स्प्रिंगने बंद होणारा हवा, वीज असेल तरच उघडा राहणारा. बंद व्हायला अर्ध्या लाटेपेक्षा, म्हणजे चार सेकंदांपेक्षा, जास्त वेळ नको. जोडीला छतावर वेगळा रिलीफ व्हॉल्व्ह ठेवा, कारण नळी बंद झाली की सगळा दाब छतावर येतो.

प्रभा_दे

कोकणात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे लक्षात घेतलं तर तो व्हॉल्व्ह दिवसातून अनेकदा बंद होणार. स्प्रिंग आणि सील टिकतील का?

तारवाला

ताई, अगदी नेमकं पकडलंत. युरोपातल्या आराखड्यात ही घटना दुर्मीळ धरलेली असते, इथे ती रोजची आहे. म्हणून प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह बंद करायचा नाही. कन्व्हर्टरच्या डीसी बाजूला ब्रेकिंग रेझिस्टर लावा, पूर्ण ७५ किलोवॅट दोन मिनिटं जाळू शकेल असा. ग्रिड गेली की आधी भार त्यावर वळवायचा. दोन मिनिटांत वीज परतली तर व्हॉल्व्ह हललाच नाही. नाही परतली तर रेझिस्टर भार धरून असतानाच व्हॉल्व्ह सावकाश मिटवायचा, सीलवर आपट बसत नाही. झटक्यात बंद करणं फक्त वेगमर्यादा ओलांडली तरच, आणि ती मर्यादा कंट्रोलरपासून स्वतंत्र, यांत्रिक स्विचवर. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या मोठ्या लाटांआधी, तो स्विच हाताने पाडून व्हॉल्व्ह किती सेकंदांत मिटतो ते मोजायचं. चारच्या वर गेला तर बेअरिंग आणि सील उघडून साफ केल्याशिवाय हंगाम सुरू करू नये.

भरतीरेषा

सर्वांचे आभार. म्हणजे मूळ प्रश्नाला उत्तर: पाच-पाच मीटरचे दोन कप्पे, ओठ नीचतम पाण्याखाली २.५ मीटर, प्रत्येक कप्प्यावर स्वतंत्र इम्पल्स टर्बाइन आणि ३७ किलोवॅटच्या आसपास जनरेटर, बदलता वेग, ब्रेकिंग रेझिस्टर. एक बिघडलं तरी दुसरं चालू राहील. ऑक्टोबर ते मे बंद ठेवायचं का?

घनमीटर

पूर्ण बंद नको. एका कप्प्याचा व्हॉल्व्ह मिटवून त्याची टर्बाइन उतरवा, दुरुस्ती करा. दुसरा चालू ठेवा पण 'कप्प्यातला दाब दहा मिनिटं ठरलेल्या पातळीवर टिकला तरच जोडणी' अशी अट घाला, म्हणजे ग्रिडमधून वीज ओढली जाणार नाही. आणि काँक्रीट ओतण्याआधी त्याच जागी किमान एक पूर्ण वर्ष वेव्ह-रायडर बॉया ठेवा, दर अर्ध्या तासाची उंची आणि काळ नोंदवत. माझे १८ आणि २ हे आकडे त्या नोंदींनी बदलतील, आणि १८ चे १२ झाले तर जनरेटर ३७ ऐवजी २२ चा घ्यावा लागेल.

वल्हव

बॉयाची साखळी मात्र पावसाळ्याआधी बदलून घ्या. शॅकल (जोडकडी) आणि स्विव्हल (फिरती कडी) आधी झिजतात, साखळी नंतर.